वैद्यकाचा विद्यार्थी आणि त्याचा वडीलधारा



हमालांची युनियन चालविणारा माणूस डॉक्टरांच्या शिक्षणावर काय बोलणार, असा प्रश्न तुमच्यापैकी पुष्कळांच्या मनात आला असेल. तो रास्तच आहे. कॉलेजची पायरी मी चढलेलो नाही. दहावीनंतर शाळा सुटली ती सुटलीच. पुढचे जे काही वाचन झाले ते मोंढ्यात पोत्यांच्या थप्पीला टेकून आणि सार्वजनिक वाचनालयाच्या बाकावर. तरीही हा विषय मी आपण होऊन मागून घेतला, आणि त्याला कारण घडले ते दोन मुलांचे.

काही वर्षांपूर्वी आमच्या युनियनमधील दोन सभासदांची मुले एकाच वर्षी वैद्यकीय महाविद्यालयात गेली. महाविद्यालये निराळी, गावे निराळी. दोघांचेही बाप पाठीवर पोते घेणारे. मोंढ्यात आम्ही पेढे वाटले. त्यांतला एक मुलगा दिवाळीला घरी आला तो परत गेलाच नाही. एका रात्री त्याचा बाप माझ्याकडे आला आणि म्हणाला, "भाऊ, फी परत मागायचा अर्ज लिहून द्या." मी अर्ज बाजूला ठेवला व मुलाला बोलावून घेतले. पुष्कळ वेळ तो खाली मान घालून बसला होता. शेवटी म्हणाला, "काका, तिथं कोणाला काय विचारायचं तेच मला कळलं नाही."

दुसरा मुलगाही त्याच सुमारास परतण्याच्या बेतात होता. पहिल्या चाचणीत तो नापास झाला होता. एके दिवशी खाणावळीत त्याच्या बोलण्यावरून वरच्या वर्गातील एका मुलाने ओळखले, आणि विचारले, "कुठला रे तू? नांदेडकडचा का?" तो विचारणारा देगलूरकडचा होता. त्याने आपला हाडांचा संच याला वापरायला दिला, कोणते पुस्तक आधी वाचावे व कोणते नंतर ते सांगितले, आणि पहिल्या चाचणीत आपणही नापास झालो होतो हे हसत हसत कबूल केले. एवढेच. तो मुलगा आज एका प्राथमिक आरोग्य केंद्रावर डॉक्टर आहे. पहिला एका औषधाच्या दुकानात काउंटरवर उभा असतो. तो प्रामाणिकपणे काम करतो, आणि त्या कामात कमीपणा मुळीच नाही. पण त्याला व्हायचे होते ते काही निराळे.

या दोघांची बुद्धी मी लहानपणापासून पाहिली आहे. तीत फरक नव्हता. मग फरक पडला कशाने? हा प्रश्न मनात धरून मी वैद्यकशिक्षणाचा इतिहास वाचू लागलो. जे हाती लागले ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आरंभ मुंबईपासून करू. इंग्रजी अमदानीत मुंबईला वैद्यकाची पहिली सरकारी शाळा १८२६ साली निघाली. डॉक्टर मॅक्लेनन हे तिचे प्रमुख. त्यांनी वैद्यकावरील पाठ मराठीत व गुजरातीत उतरविले. ती शाळा सरकारने १८३२ साली बंद केली. पुढे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या प्रयत्नाने नव्या महाविद्यालयाची योजना झाली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर त्यांच्याच नावाने १८४५ साली ग्रँट मेडिकल कॉलेज सुरू झाले. शेजारी सर जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीतून रुग्णालय उभे राहिले. महाविद्यालयाचे पहिले प्रमुख डॉक्टर चार्ल्स मोरहेड.

मोरहेडांचे मोठेपण कशात? एडिंबरोला अॅलिसन आणि पॅरिसला लुई अशा नामांकित गुरूंपाशी ते शिकले होते. रोग पुस्तकात नसून खाटेवर असतो, हा धडा त्यांनी तिथे घेतला आणि इथे आणला. विद्यार्थ्याने रुग्णाच्या खाटेपाशी उभे राहावे, त्याची नाडी पाहावी, हकिगत टिपून घ्यावी, आणि गुरूने तिथेच त्याची चूक दाखवावी, ही रीत त्यांनी पश्चिम हिंदुस्थानात रुजविली. पहिली तुकडी १८५१ साली बाहेर पडली. तीत डॉक्टर भाऊ दाजी लाड होते. पुढे १८६७ साली प्रार्थना समाज स्थापन करणारे डॉक्टर आत्माराम पांडुरंगही होते. गोमंतकातील एका खेड्यातून मुंबईला आलेला भाऊ दाजींसारखा मुलगा नामांकित डॉक्टर झाला, गोरगरिबांना औषध देऊ लागला, प्राचीन लेखांचा संशोधक म्हणून विद्वानांत मान्यता पावला. यात त्यांची स्वतःची कर्तबगारी होतीच. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. पदवी घेऊन बाहेर पडलेली ही पहिली तुकडी अवघी आठ जणांची होती. एवढ्या थोड्या मुलांत कोण कच्चे, कोण आजारी, कोण घरच्या विवंचनेत, हे गुरूला निराळे विचारावे लागत नव्हते. गुरू व शिष्य यांच्यामध्ये अंतर पडायला जागाच नव्हती. आज आपल्या महाविद्यालयांत एकेका तुकडीत शंभर, दीडशे मुले असतात. नियम तेच, खाटही तीच. पण खाटेभोवतालच्या घोळक्यात मागे उभा असलेला मुलगा गुरूला दिसत नाही.

आता दुसरे उदाहरण घेऊ. यात महाविद्यालयापेक्षा माणसांचा वाटा मोठा आहे. आनंदीबाई जोशींचे नाव आपल्या घराघरांत ठाऊक आहे. गोपाळरावांनी पत्नीच्या शिक्षणासाठी अमेरिकेत लिहिलेले पत्र तिकडच्या एका मिशनरी मासिकात छापले गेले. न्यू जर्सीतील रोझेल गावच्या मिसेस कार्पेंटर यांच्या नजरेला ते दंतवैद्याकडे बसल्या असता सहज पडले. कुठली कोण ही बाई! पण तिने पत्र लिहिले, आनंदीबाईंनी उत्तर दिले, आणि सातासमुद्रांपलीकडे मावशी-भाचीचे नाते जुळले. १८८३ साली अठरा वर्षांच्या आनंदीबाई अमेरिकेला पोचल्या तेव्हा त्यांना उतरून घ्यायला हीच बाई बंदरावर उभी होती. फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या प्रमुख रेचेल बॉडली यांनी त्यांना प्रवेश दिला व शिष्यवृत्तीची सोय केली. ११ मार्च १८८६ रोजी आनंदीबाई पदवीधर झाल्या. कोल्हापूरच्या रुग्णालयात स्त्रियांच्या विभागावर त्यांची नेमणूकही झाली. पण क्षयाने गाठले आणि २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात त्यांचा अंत झाला. त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठविण्यात आल्या आणि अमेरिकेत त्यांच्या कुटुंबाच्या दफनभूमीत विसावल्या. परक्या मुलीची रक्षा ज्या घराने आपल्या माणसांत ठेवली, त्या घराने तिला काय दिले असेल हे निराळे सांगायला नको.

रखमाबाईंची हकिगत याच धाग्याची. त्यांचे सावत्र वडील डॉक्टर सखाराम अर्जुन हे ग्रँट मेडिकल कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवीत. म्हणजे वैद्यकाचा वारा घरातच होता. बालपणी झालेला विवाह मानायला रखमाबाईंनी नकार दिला आणि १८८४ पासून चार वर्षे तो खटला गाजला. त्या काळात मुंबईच्या डॉक्टर एडिथ पीची त्यांच्या पाठीशी उभ्या राहिल्या. या पीचीबाई कोण? एडिंबरोत १८६९ साली वैद्यक शिकायला धडपडलेल्या पहिल्या स्त्रियांपैकी एक. रसायनशास्त्राच्या परीक्षेत त्यांनी मिळविलेली शिष्यवृत्ती त्या केवळ स्त्री म्हणून नाकारली गेली होती. परीक्षेच्या दारात जमावाने त्यांच्यावर व त्यांच्या मैत्रिणींवर चिखल फेकला होता. ज्या दारावर आपल्याला धक्के बसले ते दार दुसरीसाठी उघडे राहावे, या तळमळीने त्यांनी रखमाबाईंना लंडनचा रस्ता दाखविला. १८८९ साली रखमाबाई तिकडे गेल्या, डॉक्टर होऊन परतल्या, आणि सुरत व राजकोट येथे त्यांनी कित्येक वर्षे स्त्रियांची सेवा केली.

या दोन कथा सांगताना आपल्याला गहिवरून येते, आणि ते स्वाभाविक आहे. पण युनियनचा माणूस म्हणून मला त्यांत एक खटकणारी गोष्टही दिसते. ते मासिक त्या दिवशी दंतवैद्याकडे नसते तर? पीचीबाई मुंबईऐवजी दुसऱ्या कुठल्या शहरी गेल्या असत्या तर? ज्यांना कार्पेंटरबाई भेटल्या नाहीत अशा किती आनंदीबाई आपापल्या घरात चुलीपाशीच राहिल्या असतील? त्यांची चरित्रे कोणी लिहिली नाहीत. माया ही मोठी गोष्ट. पण माया योगायोगाने मिळते. ज्याच्या घरात सखाराम अर्जुन असतात त्याला ती लवकर मिळते, ज्याच्या घरात पोत्यांचा आकडा आणि हमालीचा हिशेब असतो त्याला ती उशिरा मिळते, किंवा मिळतच नाही.

आता आपल्या घरच्या इतिहासाकडे वळू. आपला हा मुलूख १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होता; तेव्हा आपले जुने वैद्यकीय विद्यापीठ म्हणजे हैदराबाद. तिथे १८४६ साली वैद्यकशाळा निघाली आणि आरंभी ती उर्दूतून शिकवीत असे. या शाळेचे एक प्रमुख डॉक्टर एडवर्ड लॉरी. त्यांच्या नावाशी जोडलेले क्लोरोफॉर्मचे प्रकरण जगभर गाजले, आणि गुरुभक्तीची दुसरी बाजू त्यातून दिसते.

लॉरी हे एडिंबरोच्या साइम या विख्यात शस्त्रवैद्याचे शिष्य. क्लोरोफॉर्म देताना रोग्याच्या श्वासाकडे पाहावे, नाडीकडे पाहण्याचे कारण नाही, असे साइम शिकवीत. लॉरींनी ते वाक्य जन्मभर उराशी धरले. क्लोरोफॉर्मने हृदय एकाएकी थांबून माणसे मरतात असे इतर डॉक्टर म्हणत. लॉरी म्हणत, चूक देणाऱ्याची. ते सिद्ध करण्यासाठी १८८८ साली हैदराबादेत एक समिती नेमली. तिचा निकाल लोकांना पटला नाही, म्हणून १८८९ साली दुसरी नेमली. तिच्यासाठी निजामाने एक हजार पौंड दिले आणि लंडनच्या 'लॅन्सेट' पत्राने डॉक्टर लॉडर ब्रंटन यांना पाठविले. शेकडो जनावरांवर प्रयोग झाले व निष्कर्ष लॉरींच्या बाजूने लागला. परंतु १९११ साली लेव्ही नावाच्या संशोधकाने दाखवून दिले की, क्लोरोफॉर्म हलक्या मात्रेत असतानाही हृदयाची लय बिघडून ते एकाएकी बंद पडू शकते. गुरूचे वाक्य अपुरे होते. शिष्याने ते तपासण्याऐवजी त्याची राखण केली.

पण लॉरींना केवळ दोष देऊन चालणार नाही. त्याच काळात, १८८५ साली, त्या शाळेत पहिल्या काही मुलींनी प्रवेश घेतला. त्यांत रूपाबाई फरदूनजी होत्या. लॉरींच्या हाताखाली त्या क्लोरोफॉर्म देण्याचे काम शिकल्या, त्या प्रयोगांतही त्यांचा हात होता, आणि पुढे अधिक शिकण्यासाठी त्या एडिंबरोलाही गेल्या. भूल देण्याचे शास्त्र ज्या स्त्रियांनी जगात अगदी आरंभी हाती घेतले त्यांत त्यांचे नाव घेतात. एकाच गुरूने एका हाताने दार उघडले आणि दुसऱ्या हाताने एक चुकीचे मत धरून ठेवले. म्हणून माझे म्हणणे असे की, वडीलधारा हवा. पण "गुरुजी, हे मला पटत नाही" असे म्हणण्याची मुभा देणारा हवा. वैद्यकात ही मुभा नसेल तर तिची किंमत खाटेवरचा माणूस मोजतो.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे महाविद्यालये आली. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५६ साली. सत्तरच्या दशकात अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थांच्या नावाने ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय. नांदेडला १९८८ साली. लातूरला २००२ साली. आमच्या वडिलांच्या पिढीला जे स्वप्नातही दिसले नव्हते ते आपल्याला बसच्या अंतरावर आले. आणि लातूरचे नाव तर आता अभ्यासाच्या पद्धतीलाच लागले आहे. महाविद्यालयाच्या दारापर्यंत पोचविणारे शिकवणीवर्ग लातूर-नांदेडला गल्लोगल्ली आहेत. दाराच्या आत मुलाचा हात धरणारा कोण, हा प्रश्न मात्र आपण कोणाला विचारीत नाही. मोंढ्यातल्या माझ्या त्या मुलाचा हात नेमका तिथेच सुटला.

वर्ध्याजवळ सेवाग्रामला १९६९ साली डॉक्टर सुशीला नायर यांनी महाविद्यालय काढले तेव्हा या प्रश्नाचे एक उत्तर शोधले होते. तिथे प्रत्येक नवी तुकडी एक खेडे दत्तक घेते. मुले त्या गावात शिबिरासाठी राहतात, प्रत्येकाकडे काही कुटुंबे सोपविलेली असतात, आणि शिक्षकही त्यांच्याबरोबर असतात. शिक्षक व विद्यार्थी एका पंगतीला बसले, एका ओसरीवर झोपले, की विचारण्याची भीती आपोआप ओसरते. कुटुंब सोपविण्याची हीच कल्पना २०२२ च्या सुमारास देशभरच्या वैद्यकशिक्षणात आली.

सरकारी नियमांत या गोष्टीचा शिरकाव झाला तो मात्र एका दुःखद वाटेने. २००९ च्या मार्चमध्ये हिमाचल प्रदेशातील एका वैद्यकीय महाविद्यालयात पहिल्या वर्षाचा एक मुलगा वरच्या वर्गातील मुलांच्या मारहाणीत मरण पावला. खाणावळीत "कुठला रे तू?" असे विचारणारा वरच्या वर्गातला मुलगा तारणारा असतो तसा मारणाराही असू शकतो, हे त्या घटनेने दाखविले. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने रॅगिंगविरुद्ध जे नियम केले त्यांत एक कलम असे आहे की, नव्या मुलांचे लहान लहान गट करावेत, प्रत्येक गट एका शिक्षकाकडे द्यावा, आणि त्या शिक्षकाने प्रत्येक मुलाशी बोलून त्याच्या अडचणी जाणून घ्याव्यात. पुढे २०१९ साली नवा अभ्यासक्रम आला. त्यात आरंभीच परिचयवर्ग आला, आणि रोग्याशी कसे वागावे, कसे बोलावे, हेही शिकविण्याचे विषय ठरले. बऱ्याच महाविद्यालयांत आता मार्गदर्शक शिक्षक नेमलेले असतात.

म्हणजे कागदावर सोय झाली. मग काम संपले काय? कागदाचे मोल काय असते ते कामगाराइतके कोणाला ठाऊक? १९६९ साली आपल्या राज्यात माथाडी कायदा झाला. त्यापूर्वी हमालाला काम मिळे ते मुकादमाच्या मर्जीने. मर्जी बसली तर पोते, खपा झाली तर उपास. कायद्याने नोंदणी आली, मंडळ आले, मजुरीचा हिशेब आला. मर्जीचा हक्क झाला. पण ज्या बाजारात कामगार जागा राहिला तिथेच तो कायदा चालला. जिथे तो झोपला तिथे रजिस्टर भरले आणि हमाल उपाशी राहिला. मार्गदर्शकाचे तसेच आहे. वर्षातून दोनदा सही घेऊन "काही अडचण नाही" असे लिहिले की नियम पाळला गेला, आणि मुलगा दिवाळीला घरी परत आला.

नियमाने माणूस नेमता येतो, त्याला जिव्हाळा लावता येत नाही. उलट नुसत्या जिव्हाळ्यावर विसंबले तर तो ज्याच्या त्याच्या नशिबाप्रमाणे वाटला जातो, आणि आपल्या मुलांच्या वाट्याला त्यातला थोडा येतो. म्हणून दोन्ही पाहिजेत. नेमलेला शिक्षक हा मुलाचा हक्क असला पाहिजे, आणि त्या हक्काच्या चौकटीत देगलूरच्या त्या मुलासारखी माणसे कामाला लागली पाहिजेत. मोरहेडांना आठ मुलांत जे सहज साधले ते दीडशे मुलांत साधायचे तर ते योजूनच साधावे लागेल.

यात नायगावकरांनी काय करावे? मी तीन साधी कामे सुचवितो. पहिले, आपल्या तालुक्यातून जी मुले-मुली वैद्यकाला गेली, जी शिकून डॉक्टर झाली, त्यांची एक यादी या व्याख्यानमालेच्या कार्यालयात ठेवावी. दुसरे, दर वर्षी प्रवेश झाले की नव्या मुलाचे नाव त्याच महाविद्यालयातील किंवा जवळच्या एखाद्या जुन्या मुलाला कळवावे. मुलगी असेल तर मुलीला. सत्काराचा हार घालतो त्याच दिवशी हे करावे. तिसरे काम पालकांचे. मुलगा घरी आला की गुण विचारण्याआधी एवढेच विचारावे, "तुझा मार्गदर्शक शिक्षक कोण? त्याला तू कधी भेटलास?" उत्तर आले नाही तर महाविद्यालयाला पत्र लिहावे. अर्ज लिहिता येत नसेल तर माझ्याकडे यावे. आजवर मी पुष्कळ अर्ज लिहिले आहेत. हा एक आनंदाने लिहीन.

तो फी परत मागण्याचा अर्ज शेवटी मीच लिहून दिला होता. बाप समोर बसला होता, मुलगा दाराशी उभा होता, आणि दुसरे काय करावे ते मलाही सुचले नाही. नेमलेल्या शिक्षकाचा तो नियम मला तेव्हा ठाऊक नव्हता. ठाऊक असता तर त्या कागदावर मी दुसराच मजकूर लिहिला असता. पुन्हा तसा अर्ज लिहिण्याची पाळी नायगावात कोणावर येऊ नये, एवढ्याचसाठी आज तुमचा इतका वेळ घेतला.